रोवळी लावू का हारा?

लग्न होऊन पोशीरला आले त्या दिवशी उंबरठ्यावरचं माप ओलांडताना माझ्या पायातलं एक जोडवं निसटलं. मापातले तांदूळ सांडलेले, ओटीवर बायकांची ही गर्दी, वाजंत्री थांबायला तयार नाहीत आणि नवी नवरी खाली वाकून काहीतरी चाचपतेय. मला रडू यायचंच बाकी होतं. तेवढ्यात गर्दीतून एक उंच, किडकिडीत गृहस्थ पुढे आले. हातात वेळूची काठी, काठीच्या टोकाला तांदूळ धुवायची रोवळी, रोवळीच्या काठाला तांब्याच्या तारेचे वेढे आणि काठीच्या वरच्या अंगाला सुतळीने बांधलेला ट्रान्झिस्टर. "मागं सरा गं बायांनो, तुमच्या अंगावरच्या डागिन्यांनी माझं यंत्र येडं होईल," म्हणत त्यांनी ती रोवळी माझ्या पायांभोवती फिरवली. ट्रान्झिस्टर एका सुरात गुणगुणत होता. उंबरठ्याच्या फटीपाशी आला आणि एकदम 'कुईं' करून ओरडला. फटीत जोडवं होतं. ते माझ्या हातावर ठेवून गृहस्थ म्हणाले, "घाल पायात. आपल्या घरात वस्तू पडते, हरवत नाय."

हे माझे चुलत सासरे, माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. सगळं गाव त्यांना कुईंकाका म्हणायचं आणि त्यांनाही ते नाव मनापासून आवडायचं. खऱ्या नावाने हाक मारली तर ते आधी मागे वळून बघत, दुसऱ्या कुणाला बोलावलं की काय म्हणून.

काका रेल्वेत तारांच्या कामावर होते आणि नोकरीची बरीच वर्षं त्यांनी घाटात, ठाकुरवाडीला काढली. तिथे गाड्यांखेरीज बोलायला कुणी नाही. तेव्हा रेडिओ उघडायचा, पसरायचा आणि पुन्हा जोडायचा असा नाद लागला. या नादातूनच पुढे हे यंत्र जन्मलं. तार कर्जतला पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका दोस्ताने दिलेली होती. वेढ्याखाली धातू आला की ट्रान्झिस्टरचा सूर बदलतो, एवढंच मला शेवटपर्यंत कळलं. काका मात्र फार प्रेमाने समजावत. "हे वेटोळं म्हणजे यंत्राचा कान हाय बघ. बाकीचं सगळं नुसतं अंग."

यंत्राच्या आसपास धातू चालायचा नाही, म्हणून काकांनी स्वतःच्या अंगावर लोखंडाचा कण ठेवला नव्हता. पायजम्याला नाडी, सदऱ्याला शिंपल्याच्या गुंड्या, वहाणा खिळे न मारता चामड्याच्या वादीने शिवलेल्या. घड्याळ नोकरी सुटली त्याच दिवशी कोनाड्यात ठेवलं. शोधायला निघाले की घरातल्या सगळ्यांनी अंगावरचं काढून ठेवावं असा त्यांचा आग्रह असे. काकी तेवढी बधायची नाही. "नवरा समोर धडधाकट उभा असताना जोडवी काढू? तुमचं यंत्र घाला चुलीत!" मग तोडगा निघाला तो असा की काका यंत्र फिरवत असताना काकीने अंगणातल्या चिंचेच्या पलीकडे उभं राहायचं. तिथून ती ओरडून सूचना देई आणि काका इथून ओरडून त्या नाकारत.

लहानसहान वस्तू शोधण्यात काकांना जो आनंद व्हायचा तो दुसऱ्या कशात नाही. कुणाचा विळा चिखलात गेला, कुणाच्या बैलाचं घुंगरू खळ्यात पडलं, की काका हजर. सापडलेली वस्तू धुऊन, पुसून ते घरोघर विचारत फिरत, "ही कुणाची रं?" मालक सापडेपर्यंत त्यांना जेवण गोड लागत नसे. एकदा खालापूरकडच्या माझ्या माहेरच्या एका मामांनी त्यांना मोठ्या मानाने बोलावून नेलं. मामांच्या परसात पूर्वजांनी हंडा पुरलाय अशी घरात पक्की समजूत. काकांनी दिवसभर परस पालथं घातलं. सापडला घोड्याचा एक नाल. मामांचं तोंड उतरलं. काका मात्र खुशीत. "अवो मामा, नाराज कशाला होता? पाय सापडला, आता कधीतरी घोडं पण सापडंल!" येताना ते आमरस ओरपून आले आणि आठवडाभर तीच गोष्ट सांगत बसले.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं तोवर आमच्या घरावर एक बालंट आलं.

गावकीचं एक तांब्याचं तपेलं होतं. लग्न असो, सप्ता असो, गावजेवणाचा भात त्यातच शिजायचा. ते उचलायला चार जण लागत. वरच्या आळीतल्याचं कार्य असलं तरी भात त्याच तपेल्यात आणि खालच्या आळीतल्याचं असलं तरी त्याच तपेल्यात, म्हणजे ते गावचं कार्य, अशी रीत. तपेलं सांभाळायचं काम माझ्या सासऱ्यांकडे, मामंजींकडे होतं. श्रावणातल्या सप्त्यानंतर ते बैलगाडीत घालून घासायला नदीवर नेलं. चढवायला मदत केलेले गडी दुपारी उतरवायला येतो म्हणून शेतावर गेले. गाडी पाण्यात उभी करून मामंजी तीत एकटेच घासत बसले होते आणि वर डोंगरात कुठे पाऊस झाला असेल तो लोंढा आला. बैल बुजले, गाडी फिरली. मामंजींनी बैल वाचवले, तपेलं डोळ्यांदेखत वाहून गेलं.

बघणारं कुणी नव्हतं, तिथेच घात झाला. खालच्या आळीत कुजबुज सुरू झाली की तपेलं वाहून नाही, मोडीत गेलं. नामाबुवा म्हणून खालच्या आळीतले एक वजनदार गृहस्थ होते, भजनात त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर. त्यांनी भर गावकीत विचारलं, "एवढं थोरलं तपेलं वाहून जातं आणि त्याची कडीसुदिक कुणाला गावत नाय, असं कसं वो?" मामंजी तडक निघाले. घरी आले आणि त्या दिवसापासून गावातल्या कुठल्याच पंगतीला बसेनासे झाले. खालची आळी आमच्या वरच्या आळीच्या जेवणांना येईनाशी झाली. आणि वैशाखात माझी नणंद सुमनताई हिचं लग्न ठरलेलं. वऱ्हाड कशेळ्याचं. येणाऱ्या पाहुण्यांसमोर अर्धं गाव जेवायला येणार नाही, ही गोष्ट मामंजींना आतून पोखरत होती. सुमनताई एकदा मला हळूच म्हणाली, "वहिनी, बाबा माझ्या लग्नात तरी जेवतील ना गं?"

पाऊस संपून नदी उतरली तसे काका रोवळी घेऊन रोज पात्रात जायला लागले. संध्याकाळी येत ते पिशवीभर वस्तू घेऊन. विळे, कोयंडे, डाव, घंटा, कुणाच्या पूर्वजांची पानसुपारीची डबी. गावात निम्म्या घरांना काहीतरी परत मिळालं. तपेल्याचा पत्ता नाही. चैत्र उजाडला तेव्हा काकीने विषय काढला. मी शेजारी वाल सोलत बसले होते.

"तुमची रोवळी सगळं आणते, मग तपेलंच कसं आणत नाय?"

"ते वाळूत खोल गेलं असंल. रोवळीचा कान तेवढा खोल जात नाय."

"मग मोठा कान लावा की. शेणाच्या हाऱ्याला गुंडाळा तार."

काकांनी जवळजवळ दुखावल्यासारखं तिच्याकडे पाहिलं. "अगं, कान मोठा केला की बारकं ऐकू येत नाय. रोवळीला मुंगीच्या पायातलं पैंजण ऐकू येतं. हाऱ्याला ऐकू येतो नुसता हत्ती."

"आपला हत्तीच हरवलाय," काकी म्हणाली.

तार एकच होती. हारा बांधायचा तर रोवळी मोडावी लागणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओटीवर बसले आणि रोवळीचे वेढे एकेक करून सोडवायला लागले. एरवी त्यांच्या तोंडाला खळ नसायचा. त्या सकाळी मी त्यांना चहा दिला तो तसाच गार झाला. शेवटचा वेढा सुटल्यावर त्यांनी मोकळी रोवळी हातात धरून बघितली, काकीच्या पुढे सरकवली आणि म्हणाले, "घे, धू आता तांदूळ." मला ते ऐकून हसू आलं आणि मी गार चहा बदलायला आत गेले.

हाऱ्याला वेढे कमी लागतात, सूर जुळायला वेळ लागतो, असं करता करता यंत्र तयार झालं. शेण वाहायचा मोठा थोरला हारा, त्याला दोन बाजूंनी दोन काठ्या, एक काकांच्या हातात आणि एक माझ्या नवऱ्याच्या. नदीवर बघायला अख्खं गाव लोटलं. वरची आळी या काठाला, खालची त्या काठाला. काकांनी सूर लावला, दोघे दोन पावलं चालले आणि 'कुईं!' खणलं, काही नाही. पुढे पुन्हा 'कुईं!' पुन्हा खड्डा. मग ते यंत्र जे सुटलं ते थांबेचना. वाळूवर कुईं, दगडावर कुईं, वर आभाळाकडे उचललं तरी कुईं. पलीकडून नामाबुवांचा आवाज आला, "काका, तांब्याची खाण लागली जनू!" दोन्ही काठ खो खो हसले. भांडण असलेली माणसं एकाच गोष्टीला हसत होती, पण ती गोष्ट आम्ही होतो. मामंजी उठून घरी निघून गेले.

घरी आल्यावर काका हारा समोर ठेवून कपाळाला हात लावून बसले. काकी आली, वाकली, हाऱ्याचा काठ बघितला आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. "अवो, ही तर माझी तार!" हारा पूर्वी काठाला उसवला होता तेव्हा तिने लोखंडी तारेचा तुकडा बांधला होता. त्याचं सुटं टोक चालताना हलायचं आणि यंत्राला वाटायचं, सापडलं! "म्हणजे दिसभर आम्ही तुझी शिवण शोधत व्हतो," काका म्हणाले आणि मग आम्ही सगळेच पोट धरून हसलो. तार काढून टाकली. रातोरात काठ सुतळीने शिवला तो काकीनेच.

दुसऱ्या दिवशी गर्दी निम्मी होती. नामाबुवा मात्र आले होते, मजा पाहायला. काकांनी गावाखालच्या वळणापासून सुरुवात केली. ऊन चढलं, ट्रान्झिस्टर एका सुरात गुणगुणत होता. वळणाच्या आतल्या अंगाला, जिथे पोरं पावसाळ्यानंतर वाळूत खेळतात, तिथे तो सूर हळूहळू खाली उतरायला लागला. कुईं नाही, काही नाही, नुसता जाड, रुंद 'घूंऽऽ'. काका थांबले. मागे गेले, पुढे आले. दोन्ही हात पसरतील एवढ्या जागेत तोच आवाज. त्यांनी डोळे मिटले आणि अगदी हळू म्हणाले, "हे बारकं नाय रं. हे अंग टाकून निजलंय."

फावडं उचललं ते नामाबुवांनी. त्यांना इथेही काही नाही हेच दाखवायचं असावं. ते खणत गेले, कमरेएवढा खड्डा झाला, धोतर भिजलं. मग 'टण्ण' असा आवाज आला. नामाबुवांनी फावडं टाकलं आणि हातांनी वाळू उपसायला लागले. हिरवट पडलेला तांब्याचा काठ वर आला. कुणीतरी मामंजींना आणायला धावलं. ते आले तेव्हा तपेलं बाहेर काढून ठेवलं होतं, एका अंगाने चेपलेलं, एक कडी गेलेलं, पोटात वाळू. मामंजी त्याच्यापाशी बसले आणि त्यावर हात ठेवून लहान मुलासारखे रडले. नामाबुवा खड्ड्यातून वर आले, चिखलाचे हात तसेच, म्हणाले, "दादा, गेल्या टायमाला तुमी एकट्यानं घासलं. आता माझी पाळी." आणि खरोखर त्यांनी तिथेच चिंच आणि राख मागवली आणि संध्याकाळपर्यंत ते तपेलं घासलं.

सुमनताईच्या लग्नाला कल्हई केलेल्या त्या चेपक्या तपेल्यात भात शिजला. दोन्ही आळ्या एका मांडवात बसल्या. मामंजी पानावर बसले तेव्हा सुमनताई बाशिंग सावरत लांबून त्यांच्याकडेच बघत होती. त्यांनी पहिला घास घेतला आणि ती जी हसली, तिचं रूप मी अजून विसरले नाही. काका पंगतीत वाढत फिरत होते आणि प्रत्येकाला विचारत होते, "भात बरा हाय ना? वाळू लागत नाय ना?"

लग्न उरकल्यावर काकांनी तार पुन्हा रोवळीवर चढवली. काकीला तांदूळ धुवायला नवी रोवळी आणावी लागली. त्या पुढची कितीतरी वर्षं गावात कुणाचं काही पडलं की लोक दारात येऊन विचारत, आणि काका ओटीवरूनच उलटा सवाल करत, "बारकं का थोरलं? रोवळी लावू का हारा?" पुढे पुढे त्यांना ऐकू कमी यायला लागलं. मग ट्रान्झिस्टर ते माझ्या कानाशी धरत आणि विचारत, "बोलला का गं?"

काका गेले ते भात कापणीच्या दिवसांत. घरात कुणाला काही सुचत नव्हतं. तेराव्याच्या आदल्या संध्याकाळी दारात गडबड ऐकू आली म्हणून मी बाहेर आले. खालच्या आळीतले चौघे जण तपेलं घेऊन अंगणात उभे होते. कुणी निरोप धाडला नव्हता. म्हातारे झालेले नामाबुवा काठी टेकत मागून आले आणि मामंजींना म्हणाले, "दादा, उद्या भात मी चढवनार. तुमी नुसतं बसायचं." मामंजींनी मान डोलावली. काकी दाराआडून डोळे पुसत म्हणाली, "ठेवा तिथं चिंचेपाशी. आज एवढं तांबं अंगणात हाय आणि कुईं करायला कुणी नाय." सगळे रडता रडता हसले. दुसऱ्या दिवशी भात थोडा खाली लागला, पण दोन्ही आळ्यांनी तो मागून मागून खाल्ला.