फळीवरचा स्पीकर

लाकडी वस्तू दिसली की विश्वनाथअप्पा ती बोटाच्या पेराने वाजवून बघत. लातुरात मी त्यांच्या वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून आले, तेव्हा "या, बसा" म्हणायच्या आधी त्यांनी माझं नवं कपाट ठोकलं आणि तोंड वाकडं केलं. "मुकं हाय हे. भुसा दाबलेला दिसतो." शाळेत नव्याने लागलेल्या बाईंचं हे असं स्वागत! मला रागच आला. मग कळलं, हा माणूस स्पीकरच्या पेटीसाठी लाकूड शोधतोय आणि त्याला जगात दुसरं काही दिसत नाही.

अप्पा तहसीलमधून निवृत्त झालेले कारकून. हैदराबादच्या जुन्या बाजारातून त्यांनी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आणला होता. त्यातले काचेचे दिवे तापल्याशिवाय तो तोंड उघडत नसे. "ताकद कमी हाय त्याची, पर जीव लई हाय. त्याला थोडक्यात खूश होणारा स्पीकर पायजे." बारीक आवाजाला एक आणि जाड आवाजाला एक, असे दोन पडदे जोडलेले स्पीकर त्यांनी दारातूनच परत पाठवले. "दुतोंडी माणूस अन् दुतोंडी स्पीकर, दोन्ही आपल्याला झेपत न्हाईत. एकाच तोंडातनं बासरी बी यावी अन् डग्गा बी." शेवटी नांदेडच्या एका बंद पडलेल्या टॉकीजमधला कागदी पडद्याचा स्पीकर त्यांना मिळाला. वारा लागू नये म्हणून टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन त्यांनी तो एसटीने आणला.

सुताराने छातीएवढी सागवानी पेटी केली. भूकंपाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. गल्लीत घरोघरी फळीवर पेल्यांवर पेले रचून ठेवलेले असत. जमीन हलली तर ते पडावेत आणि माणसांनी बाहेर पळावं म्हणून. अप्पांनी तबल्याची तबकडी लावली. डग्ग्यावर जोरकस थाप पडली आणि भिंतीपलीकडच्या सुभद्राकाकूंचे पेले खणखणत खाली आले. "पळा!" सारी गल्ली रस्त्यावर. कुणाच्या हाताला भाकरीचं पीठ, कुणाच्या तोंडाला साबण. अप्पा तेवढे आत, पेटीवर हात ठेवून डोळे मिटलेले.

खरा प्रकार कळल्यावर आधी शिव्या झाल्या, मग हसू. सुभद्राकाकू मात्र हसल्या नाहीत. त्यांचं माहेर त्या भूकंपात गेलं होतं, सख्खा भाऊ गेला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "वाजवा अप्पा. मी भायेर बसते तवर."

त्या भांडल्या असत्या तर अप्पांनी ते निभावून नेलं असतं. हे मात्र त्यांना सोसलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्पीकर पेटीतून काढून भोक पाडलेल्या एका उभ्या फळीवर बसवला. मागे पेटी नाही म्हटल्यावर डग्गा गेला. उरली नुसती तबल्याची टणटण. रिकाम्या पेटीत गाद्या गेल्या. "फळीवर आवाज कसा साफ येतो बगा," असं ते आल्यागेल्याला सांगत. धडधडीत खोटं बोलत होते, आणि मला ते त्यासाठीच आवडायला लागले.

पुढे लातुरात शिकवण्यांचे दिवस आले. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला आली, गल्लीत मजल्यांवर मजले चढले. सुभद्राकाकूंनीही वर खोल्या बांधून मुलं ठेवली. पहाटेपासून जिन्यात धडधड. एक दिवस त्या कमरेवर हात ठेवून अप्पांच्या दारात उभ्या राहिल्या.

"अप्पा, गाद्या काढा त्या पेटीतनं. फळी कशापायी लावली ते ठाऊक हाय मला."

"न्हाई वैनी, फळीवरच खरा आवाज..."

"ऱ्हाऊ द्या. दिवसभर डोक्यावर पोरं नाचायलीत. डग्ग्याला काय भ्यायचं आता?"

पेटी पुसली, स्पीकर आत बसला. आम्ही सगळे सतरंजीवर. अप्पांनी सुई टेकवली आणि ते मागे सरकले. थाप पडली. काय आवाज होता तो! जमिनीतून वर येऊन छातीत भरला. पलीकडे काकूंच्या घरात भांडी किणकिणली. काकू ताठ झाल्या, त्यांनी सतरंजीचं टोक मुठीत धरलं. मग हळूहळू मूठ सुटली आणि मान डोलायला लागली.

मी अप्पांकडे पाहिलं, तर ते जागेवर नव्हते. अनवाणी रस्त्यावर उभे होते. इतकी वर्षं काकूंच्या वतीने भिऊन भिऊन ती भीती त्यांच्याच अंगात मुरली होती. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

काकू उठून दारापर्यंत गेल्या.

"या अप्पा, आत या," त्या म्हणाल्या. "डग्गा हाय त्यो."