मागच्या चाकाखालचा देव

ही फजिती मी स्वतःच सांगून टाकतो, कारण दहिसरात ती लोकांनी इतकी चघळलीय की माझ्या वाट्याला चोथाच उरलाय. चहा घ्या, बसा. हसायचं तर शेवटी हसा, मध्ये नाही.

कॉलेज सोडलं त्याच वर्षी मी घरही सोडलं. कांदिवलीच्या चाळीत एक खोली, आणि तिच्यात शेवटचा शब्द आपलाच हवा असणारे दोघं, बाबा आणि मी. बाबा गिरणीत होते तेव्हा मालकाला नडायचे, मोर्चात सगळ्यांच्या पुढे. गिरणी गेली, बाबा एका सोसायटीत वॉचमन झाले, आणि मला शिकवायला लागले की साहेबांपुढे नमून वाग, कुठेतरी चिकटशील. मी म्हटलं, तुम्ही कधी नमलात? झालं. ते म्हणाले, नीघ. मीही निघालो, पण बजावून निघालो की मी इथे परत येणार तो स्वतःची गाडी चालवत, आणि तुम्ही बोलवाल म्हणून तर मुळीच नाही.

"बोलवतोय कोण तुका," बाबा म्हणाले.

गाडी होती हो माझ्याकडे! कुठल्याशा बंद पडलेल्या नर्सिंग होमची भंगारात निघालेली अँब्युलन्स. खारदांड्याचा माझा कोळी दोस्त हिऱ्या, त्याच्या काकाने ती मासळी वाहायला घेतली होती. तिथेही तिने मान टाकली, तेव्हा जागा अडते म्हणून माझ्या गळ्यात मारली. पेशंटच्या स्ट्रेचरवर माझं अंथरूण, ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या जागी माझा स्टोव्ह. बाबा चाळीत सांगत सुटले की लोक अँब्युलन्समधून घरी येतात, आमचं रत्न घरातून अँब्युलन्समध्ये गेलं.

चाकावरचा संसार म्हणजे काय, ते विचारा मला. घर गळतं आणि गाडी पण गळते. छताला डांबर फासलं, ते उन्हाने वितळून आमटीत पडलं. मागचा दरवाजा सुतळीने बांधलेला, त्यामुळे आत कोंडून घ्यायला दोन गाठी आणि बाहेर पडायला तीन शिव्या. स्टार्टर मेलेला, म्हणून गाडी मुद्दाम दहिसरला नदीकाठच्या उतारावर लावलेली. सोडून द्यायची, घरंगळायला लागली की गिअर टाकायचा, की इंजिन पकडतं. पण हँडब्रेकही तुटलेला! म्हणजे रात्री घर झोपलेल्या माणसासकट नदीत जायचं. म्हणून मी नदीतनंच एक गोल दगड आणला आणि मागच्या चाकाखाली सारला.

त्यात खालचा पत्रा गंजून एक दिवस माझा पाय आरपार रस्त्यावर टेकला. हिऱ्याने होडीच्या लोखंडाला लावतात तो गंजरोधक रंग दिला, रेड लेड. पत्र्याला फासला, थोडा उरला. त्या दगडावर मी रोज ठेचकाळायचो, तर म्हटलं लांबून दिसावा, आणि उरलेला सगळा रंग त्या दगडाला थापला. रंग कसा? भडक शेंदरी.

तुमच्या डोक्यात प्रकाश पडला ना? माझ्या नाही पडला.

सकाळी दगडावर जास्वंदीचं फूल. मला वाटलं वाऱ्याने आलं. दुसऱ्या दिवशी हार, उदबत्ती आणि अर्धा नारळ. नारळ मी खाल्ला. मग केळी आली, शिरा आला, तेही खाल्लं. खोटं कशाला बोलू, फुकटचं मिळत होतं तोवर मी तोंड खायलाच उघडलं. म्हातारीकोतारी माणसं चाकापुढे नाक घासत होती आणि मी टपावर बसून त्यांच्या भोळेपणाची कीव करत शिरा हाणत होतो.

मग समोरच्या चाळीतले पेडणेकर काका विटा आणि सिमेंट घेऊन आले. रिटायर्ड माणूस, घरात कोणी विचारत नाही, आता आयताच देव मिळाला! मी हँडब्रेकच्या नव्या केबलसाठी खारदांड्याला गेलो होतो. परत येतो तर दगडाभोवती ओटा आणि ओट्यात माझं मागचं चाक, अर्ध्यापर्यंत पक्कं.

मी काकांना समजावलं की दगड मी आणलाय, रंग मी लावलाय, तो होडीचा रंग आहे.

"देव कोणाच्याही हातनं काम करून घेतो रे," काका शांतपणे म्हणाले. "अगदी तुझ्यासारख्याच्यासुद्धा."

आता बोला! हँडब्रेक झाला, इंजिन चालू, आणि गाडी देवळाची भिंत झालेली. ती हलली नाही तर कांदिवलीला मी कशातनं जाणार होतो? बाबांचं म्हणणंच खरं ठरत होतं, की कार्टं जिथे गेलं तिथेच रुतलं.

तेव्हा मी ठरवलं, भर दुपारी, काका घोरत असताना, गाडीखाली उताणं पडून छिन्नीने चाक सोडवायचं. अर्धा ओटा फोडला असेल, तेवढ्यात पलीकडे दोन चपला येऊन थांबल्या. उजवीच्या अंगठ्याला तारेचा टाका. बाबांची चप्पल.

मला भेटायला नव्हते आले हां! दहिसरात देव निघाल्याची बातमी कांदिवलीपर्यंत गेली होती, देवाला आले होते. मी छिन्नी थांबवली. बाबांनी नारळ ठेवला, घसा खाकरला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. आम्हा मालवणी लोकांत देवाला साकडं असंच घालतात. एकाने म्हणायचं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी हुंकार द्यायचा. त्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. लहानपणी गावी बाबांच्या गाऱ्हाण्याला हुंकार द्यायचं काम माझंच.

"बा देवा म्हाराजा," बाबा म्हणाले, "माझो झील रागान घर सोडून इलो हा म्हाराजा."

झील म्हणजे मुलगा, म्हणजे मी. आणि थांबले. हुंकार द्यायला कोणी नव्हतं. मी दात आवळले.

"डोक्यान गाढव असा, पण माझो असा म्हाराजा."

पुन्हा थांबले. मी जीभ टाळूला चिकटवून धरली.

"तेका आज माझ्यावांगडा घराक धाड म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

कोण बोललं? मीच बोललो! खणखणीत, पोटातनं, गाडीखालनं! चाळीतली चार डोकी खिडकीत आली. पेडणेकर काका तर बनियनवरच धावले आणि देव बोलला म्हणून ओट्यासमोर लोटांगण घातलं. लोटांगणातच त्यांची आणि माझी नजरानजर झाली.

बाबा खाली वाकलेसुद्धा नाहीत. त्यांनी नारळ फोडला, एक कवड गाडीखाली सरकवली आणि म्हणाले, "देवान हुंकार दिल्यान. आता छिन्नी ठेय आणि भायर ये."

देव मी आजही मानत नाही, आणि म्हाताऱ्यांचं ऐकायचं तर त्याहून नाही. पण कोणी म्हणालं की मी बापापुढे वाकलो, तर साफ खोटं आहे. वाकायला उभा कुठे होतो? आडवा पडलो होतो.