अकरा नव्हे, नऊ

मुलुंडला आमच्या इमारतीमागे टेकडीचा एक उतार उरला आहे. तो सपाट करून तिथे गाड्या लावायच्या, असा ठराव सोसायटीच्या सभेत येणार होता. बाबा गिरणीच्या युनियनची पत्रकं लिहायचे. मी अक्षरं त्यांवरच गिरवली, त्यामुळे राग आला की मला आधी मथळा सुचतो. ‘या उतारावर मुंग्यांच्या अकरा प्रजाती राहतात. त्यांना सभेत मत नाही.’ दोनशे प्रती छापून आणल्या आणि मग मैत्रिणीला दाखवल्या. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मी डब्यांत जमवलेल्या मुंग्या तिनं भिंगाखाली धरल्या.

“ही टपोऱ्या डोक्याची वेगळी धरलीस?”

“डोकं बघ ना तिचं.”

“आणि ही बारकी?”

“ती पण वेगळी. मग काय?”

“एका घरातल्या आहेत गं. चल, दाखवते.”

उतारावर तिनं मेलेलं झुरळ ठेवलं. बारक्या मुंग्या आल्या, परत गेल्या आणि त्याच भोकातून डोकेवाल्यांना घेऊन आल्या. बारक्यांना न तुटणारे झुरळाचे पाय डोकेवाल्यांनी कातरले.

“काम वेगळं म्हणून मुंगीच वेगळी ठरवलीस? तू, युनियनच्या पत्रकांवर वाढलेली?” ती म्हणाली. लहानमोठ्या मुंगळ्यांचंही मी तेच केलं होतं. अकराच्या नऊ झाल्या.

“राहू दे तसंच. सभेत कोण मुंग्या मोजणार?” मी घरी म्हणाले.

बाबांनी पेपरातून डोकं काढलं नाही. “आकडा चुकला की समोरचा तेवढाच वाचतो.”

उतार वाचवायचा होता, परीक्षा द्यायची नव्हती. पण पाण्याच्या टँकरचे खोटे आकडे दाखवतात म्हणून सोसायटीच्या याच कमिटीशी मी दोन वर्षं भांडत होते. दोनशे प्रतींवर पेनानं ‘अकरा’ खोडून ‘नऊ’ लिहिलं. खाली लिहिलं, ‘चूक माझी.’

सभेत सेक्रेटरींनी पत्रक उंच धरलं. “काल अकरा, आज नऊ. पुढच्या सभेपर्यंत शून्य होणार काय?”

लोक हसले. मी उभी राहून झुरळाची सगळी गोष्ट सांगितली.

“मग उरलेल्या नऊ तरी दाखव,” सेक्रेटरी म्हणाले. ठराव मोजणीपर्यंत थांबला.

रविवारी सकाळी ते वही घेऊन उतारावर आले. मैत्रीण नाव सांगायची, ते लिहून घ्यायचे. ऊन चढेपर्यंत सात झाल्या. राहिलेल्या दोन मी रोज शोधते आहे.