चोवीस घोड्यांचे चोवीस फोटो

बाबा चामड्याचे घोडे बनवतात. आत तार आणि कागदाचा सांगाडा, वरून पातळ चामडं. साचा नाही, त्यामुळे दोन घोड्यांची मान कधी सारखी वळत नाही. शेठजींच्या दुकानात लोक हातात घेऊन निवडायचे, तोवर हे कुणाला खुपलं नाही. मग शेठजींनी ऑनलाइन विक्री सुरू केली. सगळ्यात देखण्या घोड्याचा एकच फोटो टाकायचा आणि त्यावर सगळे विकायचे, अशी त्यांची पद्धत. "फोटोतला हा नाही" म्हणून घोडे परत यायला लागले.

एक दिवस शेठजी छत्रीबाग मोहल्ल्यातल्या आमच्या खोलीत आले आणि बाबांना म्हणाले, "भिया, अब से फाइबर का साँचा. आप बस चमड़ा चिपका देना."

मान वळवणं हेच तर बाबांचं काम. ते गेलं की उरतं काय, फक्त गोंद.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. चार लोकांत बोलायचं म्हटलं की माझा आवाज बसतो. त्या दिवशीही बसला होता, तरी बोलले. "शेठजी, चूक फोटोची होती, घोड्यांची नाही. मी या चोवीसांपैकी प्रत्येकाचा वेगळा फोटो काढते. गिऱ्हाईक जो निवडेल, तोच पाठवायचा."

"चौबीस घोड़ों के चौबीस फोटो? बारात निकालनी है क्या, बेटा?"

"हो."

ते हसले. "निकाल ले. पर एक भी वापस आया, तो साँचा."

रविवारी खिडकीपाशी पांढरा चार्टपेपर लावला. पोर्ट्रेट मोडमध्ये फोन घोड्यांचे कानच पुसट करत होता, म्हणून तो मोड बंद केला. चामडं गुळगुळीत दाखवणारा फिल्टरही काढला. व्हिडिओसाठी वाटीवर ताट उपडं घातलं, त्यावर घोडा ठेवला. बाबा चौकटीबाहेर बसून ताट हळूहळू फिरवत होते. पोटाखालची टाके घातलेली बाजू दाखवायला मी घोडा आडवा केला, तर ते कुजबुजले, "शिवण नको गं. ती लपवायची असते."

"का? किती सरळ आहे."

तेवीस झाले. चोविसावा बाबांनी पाठीमागे सरकवून ठेवला होता.

"तो राहू दे. कान जाड झालाय त्याचा. हात चुकला."

"मग तसंच लिहिते, डावा कान जाड."

"लोक हसतील."

"हसू देत. पण घरी आल्यावर फसवलं असं कुणी म्हणणार नाही."

बाबांनी घोडा पुसून ताटावर ठेवला.

हळूहळू तेवीस गेले. एकही परत आला नाही. साच्याचं नाव काढायचं शेठजींनी सोडलं, पण काल त्यांचा फोन आलाच. "बेटा, वो मोटे कान वाला हटा दे. पूरा माल हल्का लगता है."

मी म्हटलं, "नाही हटवणार."

"अरे, सुन तो."

मी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा नाही म्हटलं. बाबा पलीकडे पुढच्या घोड्याची तार वाकवत होते. त्यांनी मान वर केली नाही, आणि मला थांबवलंही नाही.