माणसं पुरतील का

दर वर्षी फेब्रुवारी संपत आला की ताईचा फोन यायचा, आणि कशी आहेस वगैरे न विचारता ती थेट म्हणायची, "काय वाटतं तुला? या वर्षी माणसं पुरतील का?"

प्रश्न आमच्या बेसबॉल संघाबद्दल असायचा. खरं तर संघ तिच्या शेजारच्या मोठ्या शहराचा. ती टेक्सासात शुगर लँडला राहायची आणि मी व्हर्जिनियात हर्नडनला. पण तिनं तो दोघींचा करून टाकला होता. मी कंपनीसाठी सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिते आणि उरलेल्या वेळात वाचत बसते. खेळातलं मला कधीच फारसं कळलं नाही. तिच्या फोनमुळे एवढं कळलं की हा खेळ वसंतापासून पानगळीपर्यंत जवळजवळ रोज चालतो, आणि इतक्या लांबच्या मोसमात कुणी ना कुणी जायबंदी होतोच. चेंडू फेकणाऱ्या पिचरचे कोपर जातात, खांदे जातात. धावणाऱ्याचा मांडीमागचा स्नायू फाटतो. मग त्याला बाजूला ठेवतात आणि खालच्या पातळीवरच्या संघातून कुणाला तरी वर बोलावतात. मैदानात उतरणाऱ्या पहिल्या नऊ जणांकडे बघून संघ ओळखता येत नाही, असं ताईचं ठाम मत होतं. त्यांच्या मागे कोण उभं आहे ते बघायचं.

ती फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांचे गुडघे आणि खांदे तिच्या हाताखालून जायचे. अमुक पिचर सहा आठवड्यांत परतेल अशी बातमी आली की हिचा फोन आलाच.

"सहा म्हणे! दहाच्या आत आला तर नाव बदलीन माझं."

"तू काय त्याचा खांदा तपासलायस?"

"टीव्हीवर बघितला ना. टोपी काढायला दुसरा हात वापरला त्यानं. कळतं गं बाई."

फोन स्पीकरवर असायचा. मागून आईचा आवाज यायचा, "आता कोण पडलं?"

बाबा गेल्यावर आई नागपूरहून ताईकडे राहायला आली होती. पुढच्याच वर्षी ती घरात घसरून पडली आणि तिचा डावा खुबा मोडला. ऑपरेशन झालं. तेव्हापासून ताई तिच्याकडून व्यायाम करून घ्यायची, सकाळी कामाला निघण्याआधी आणि संध्याकाळी मॅच सुरू व्हायच्या सुमाराला. खुर्चीतून उठायचं, पुन्हा बसायचं, मग वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जाऊन यायचं. आई कुरकुरायची आणि उठायची. त्या कुरकुरीमुळे मला बेसबॉलपेक्षाही त्या वेळेचे फोन आवडायचे.

ताईनं लग्न केलं नव्हतं. माझं झालं होतं, टिकलं नाही. मुलंबाळं कुणालाच नाहीत. एकदा संघाची चर्चा चालू असताना ताई म्हणाली, "आपली टीम बघ जरा. एक मी, एक म्हातारी, आणि एक तू, तीही दुसऱ्या टाइम झोनमध्ये. बेंचवर कोणीच नाही."

"म्हातारी कुणाला म्हणतेस?" आई म्हणाली.

मागच्या नोव्हेंबरात ताईची पाठ दुखायला लागली. निदान तिनं स्वतःच केलं आणि व्यायामही स्वतःच ठरवले. दुखणं पाठीचं नव्हतं. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता आणि तो यकृतापर्यंत गेला होता. तिनं मला हे फोनवर सांगितलं, आणि माझ्या तोंडून काही निघायच्या आत तारीखही दिली. "मार्चअखेर सीझन सुरू होतो ना, तोवर उभी राहते मी."

मी ती तारीख धरून बसले. दुसऱ्यांच्या तारखेत महिनाभर मिळवणारी माझी बहीण स्वतःची तारीख फुगवून सांगणार नाही, असं मला वाटलं. लॅपटॉप आणि दोन बॅगा घेऊन मी शुगर लँडला आले.

औषधांनी ती पहिल्याच महिन्यात खचली. उलट्या व्हायच्या, बोटं बधिर व्हायची. पण माझ्याशी बोलायला बसली की विषय आईच्या पायांचाच. एका दुपारी आई झोपली असताना तिनं मला समोर बसवलं.

"हे नीट ऐक. या वयात माणूस बसलं की बसतंच. आई स्वतःच्या पायांवर उभी राहू शकली नाही, तर तुला एकटीला ती घरात ठेवता येणार नाही. पलंगावरून खुर्चीत नेतानाच दोघी पडाल. मग केअर होम. तिथे तिच्याशी मराठीत कोण बोलेल?"

"तू आहेस की," मी म्हणाले.

"मी आहेच. पण तू शिकून ठेव."

मग तिनं मला शिकवलं. माणसाला उठवताना कमरेला एक रुंद कापडी पट्टा बांधतात. "हात धरून ओढायचं नाही. आपल्याकडे सगळे हात ओढतात आणि म्हाताऱ्यांचे खांदे निखळतात. पट्टा खालून धर, तळवा वरच्या बाजूला. डावा पाय दुबळा आहे, तू डावीकडे राहा. आणि उचलू नकोस. उठते ती, तू फक्त बरोबर असतेस." मी तिच्याच कमरेला पट्टा बांधून सराव केला. गाठ मारल्यावर पट्ट्याचं टोक लोंबत राहिलं, वाटलं त्यापेक्षा पुष्कळच लांब.

आई माझ्या हातानं उठायला तयार नव्हती. पहिल्या दिवशी म्हणाली, राहू दे, तुला ऑफिसचं काम असेल. दुसऱ्या दिवशी पाय जड होते. मग तिनं कारणं देणंच सोडलं.

"मोठीला बरं वाटू दे. मग करू. तिला सवय आहे माझी."

"आई, ताई म्हणते पाय आखडतील."

"आखडू देत. ती सोडवेल."

ताई पलीकडच्या खोलीत पडून हे सगळं ऐकत असायची. मला आईवर रागवायला हवं होतं, पण रागवता येत नव्हतं. ताईनंच मला मागे केव्हातरी सांगितलं होतं की कधीकधी वर बोलावलेला पोरगा बरा खेळतो, रुळतो, आणि मूळचा खेळाडू बरा होऊन परत येतो तेव्हा त्याला जागाच उरलेली नसते. आई तेच टाळत होती. ती ताईची जागा रिकामी ठेवत होती. आणि मनातून मलाही ती रिकामीच हवी होती. आई नको म्हणाली की मी पट्टा घडी करून ठेवून द्यायचे, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटायचं.

हिवाळाभर असंच चाललं. मराठी मंडळातल्या काकू आणि मावश्या डबे आणायच्या. सुरुवातीला फ्रीजचं दार लागत नव्हतं. पुढे डबे कमी होत गेले. कुणाचं मूल आजारी, कुणाचे सासू-सासरे आलेले, कुणाची नोकरी गेलेली. त्यांचीही घरं आमच्यासारखीच होती. घरातलं एक माणूस अडकलं की काम पुढे न्यायला दुसरं नव्हतं. त्यांना दोष देणं माझ्या मनातही आलं नाही. आईचा वॉकर भिंतीला लागून उभा होता आणि हळूहळू त्याच्यावर शाली वाळायला लागल्या. पहिल्या प्रयत्नात उठणारी आई आता दोन-तीनदा हेलकावे घेऊनही उठत नव्हती. तिला पलंगावरून खुर्चीत आणायला सकाळी आणि रात्री एक मदतनीस बाई येत होती.

मार्चअखेर आला, सीझन सुरू झाला. ताईला पलंगाच्या कडेला बसवायलाही नर्स लागत होती. सामना बघता बघता ती म्हणाली, "तारीख जरा पुढे ढकलावी लागणार."

"टीमवाले असंच म्हणतात," माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं टीव्हीवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. "म्हणतात खरं," ती म्हणाली.

एप्रिलमध्ये तिनं हट्ट धरला की गावातल्या छोट्या मैदानावर जायचं. खालच्या पातळीचे सामने तिथे होतात. ती एरवीही मोठ्या स्टेडियमपेक्षा तिथेच रमायची, कारण माणसं पुरतील की नाही ते तिथे दिसतं म्हणायची. मंडळातल्या एका काकांनी त्यांच्या व्हॅनमधून आम्हाला नेलं, दोघींना चाकांच्या खुर्च्यांतून आत आणलं, आईला शेजारच्या बाकावर बसवलं आणि "आलोच, एक फोन करतो" म्हणून जे गेले ते सामना संपल्यावरच दिसले. एप्रिल असूनही हवा ओली आणि जड होती. ताईनं शाल पांघरली होती, आई पदरानं वारा घेत होती. आईच्या कमरेला ताईनं निघतानाच पट्टा बांधायला लावला होता.

"ही पोरं कशाची वाट बघतायत, माहितीये?" ताईनं विचारलं.

"कशाची?"

"वरच्या कुणाचा तरी कोपर दुखायची."

"शी!" आई म्हणाली. "असलं कुणी मागतं का?"

"मागत नाहीत गं. पण बोलावणं आलं की जातात. आणि तिथे गेल्यावर ज्याच्या जागी आले त्याच्याकडे बघायचीसुद्धा चोरी."

"मग जाऊच नये."

"मग त्या दिवशी खेळायचं कुणी, आई?"

आई पुन्हा पदरानं वारा घेऊ लागली. थोड्या वेळानं तिला बाथरूमला जायचं होतं. तिनं सवयीनं ताईकडे बघितलं. ताईचे दोन्ही हात शालीखाली होते, ते तिनं बाहेर काढले नाहीत. मी उठले, आईसमोर उभी राहिले, आणि घाईत जे करायचं नाही तेच केलं. तिचा दंड धरून ओढलं.

"पट्टा! पट्टा धर, बावळट!" ताई ओरडली. तिच्यात एवढा आवाज उरला असेल असं मला वाटलं नव्हतं. "आई आहे ती, बादली नाही!"

पुढच्या रांगेतलं एक वयस्कर जोडपं दचकून मागे वळलं. आईला हसू फुटलं. तोंडाला पदर लावून ती हसत राहिली आणि हसता हसता, पट्टा माझ्या मुठीत असताना, उठून उभी राहिली.

परत आल्यावर आई ताईला म्हणाली, "नाइलाज होता म्हणून हं."

"हो, कळलं मला. जमलं का हिला?"

"घाई करते."

"शिकेल," ताई म्हणाली.

मला तो शब्द ऐकवला नाही. प्यायला काहीतरी आणते म्हणून मी उठले आणि खाली रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं दोनदा विचारलं, पण मला एकाही पदार्थाचं नाव आठवलं नाही. मी तशीच बाजूला झाले.

मैदानातलं मैदानात राहिलं. घरी आल्यावर आईचं पुन्हा तेच सुरू झालं, मोठीला बरं वाटू दे.

ताई जूनमध्ये गेली. दुपारची वेळ होती, ती तिच्याच खोलीत होती. मी आईची खुर्ची पलंगाला अगदी भिडवली, तरी आईचा हात ताईच्या कपाळापर्यंत पोहोचेना. थोडं उठता आलं असतं तर पोहोचला असता. तिनं दोनदा प्रयत्न केला. शेवटी मी ताईचा हात उचलून आईच्या मांडीवर ठेवला आणि आई तो चोळत बसली, ऊब आणायला चोळतात तसा.

नागपूरहून मामांचे फोन येत होते. इकडे घेऊन ये, इथे माणसं आहेत, ते म्हणायचे. पण विमानाच्या खुर्चीत बसण्यासाठीसुद्धा आधी उभं राहावं लागतं. आईच्या डॉक्टर भल्या बाई होत्या. उभं राहता येत नसेल तर घरी ठेवता येणार नाही, हे ताईचंच वाक्य त्यांनी इंग्रजीत सांगितलं आणि दोन केअर होमची पत्रकं हातात ठेवली. मी ती पाहून आले. एक खरंच चांगलं होतं. खिडकीतून तळं दिसायचं. तिथली बाई आईचं नाव नीट उच्चारायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होती. घरी आल्यावर मी दोन्ही पत्रकं खणात टाकली आणि निर्णय पुढे ढकलत राहिले.

त्या उन्हाळ्यात संघाचे पिचर एकामागून एक पडले. ताई असती तर दिवसातून चारदा बोलली असती. मी संध्याकाळी टीव्ही लावायचे, पण आवाज बंद ठेवून. पडद्यावर ओळखीचं कुणी उरलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये एकदा आईनं विचारलं, "हा कोण?"

"नवीन आहे. आजच वर बोलावलाय."

"कुणाच्या जागी?"

मी सांगितलं. ताईच्या आवडत्यांपैकी एकाच्या जागी.

"तो येणार आहे का परत?"

"या वर्षी नाही म्हणतात."

"म्हणतात म्हणजे नाहीच," आई म्हणाली. हे ती ताईकडून शिकली होती.

पोरगा विशीतला होता. त्याचे चेंडू भलतीकडेच जात होते. दर चेंडूनंतर तो टोपी काढून कपाळ पुसायचा आणि पुन्हा घालायचा. आई एकटक त्याच्याकडे बघत होती. मग तिनं खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे टेकले.

"पट्टा आण," ती म्हणाली.

मी वॉकरवरच्या शाली काढून तो तिच्यापुढे ठेवला, पट्टा बांधला. डावीकडे उभी राहिले. आई एकदा हलली आणि परत बसली. दुसऱ्या खेपेला ती उठली.

सबंध हिवाळा मी हेच तर मागत होते. आणि ती उभी राहिली तेव्हा मला वाटलं, तिनं खाली बसावं. ती बसून होती तोवर या घरात कुणीतरी ताईची वाट बघत होतं.

आईनं वॉकर पुढे सरकवला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण हात अडकलेले असल्यामुळे पुसता येत नव्हतं, आणि माझेही अडकलेले होते. अशीच ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. तिथे थांबली.

"दमले गं. खुर्ची आण."

खुर्ची मागे चार पावलांवर होती. तिला सोडून मला तिथपर्यंत जाता येत नव्हतं, आणि आणून द्यायला घरात दुसरं कुणी नव्हतं. "थोडा दम खा," मी म्हणाले, "मग आपण दोघी परत जाऊ." आईनं मान डोलावली. आम्ही दारात तशाच उभ्या राहिलो.