तार तुटली तर?

आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा हा माणूस कुठल्याही कामाला "झालं" म्हणू देत नाही. मोबाइलचे चार्जर दोन बाळगतो. का, तर "एक मेला तर?"

आमचं काम म्हणजे एकाच डिस्कच्या दोन प्रती दोन मशीनवर ठेवायच्या. एकावर लिहिलं की नेटवर्कवरून दुसऱ्यावरही तेच. त्यातलं मुख्य मशीन कोणतं, याची नोंद कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, राहते. त्या नोंदीचा कोड मी नव्याने लिहिला. तो वाचताना हा नखं कुरतडत एकच विचारायचा, "आणि तार तुटली तर?"

वैतागून मी म्हटलं, "नाही तुटत रे. टेन्शन नको घेऊस."

क्लायंटसमोर डेमो चालू असताना हा शांतपणे उठला आणि दोन मशीनमधली केबल उपटली. दोन्ही मशीन स्वतःला मुख्य समजून आपापलं वेगळंच लिहीत सुटली. क्लायंट चहा न घेता निघून गेले.

"आधी सांगायचंस ना, केबल काढणार म्हणून," मी भडकलो.

"सांगितलं असतं तर तू केबल धरून बसला असतास."

मला राग याचाच येतो, की मी खरंच बसलो असतो.