केळ्याचा घास

लेक सात महिन्यांची झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता नुसत्या नाचणीच्या पेजेवर ठेवू नका, मऊ घासही द्या. त्या सकाळी जामसंड्याच्या आमच्या घरी आंब्याची बाग बघायला चार माणसं आली होती. सासरे त्यांच्याबरोबर अंगणात चहा घेत होते. मी स्वयंपाकघरात लेकीला मांडीवर घेऊन केळ्याचा तुकडा भरवला. ती एकदम लालबुंद झाली आणि ओकाऱ्या देऊ लागली.

मी तिला उचलून तशीच अंगणात धावले. "कुणीतरी या हो, पोर गुदमरतेय!" सासऱ्यांच्या हातातला कप खाली पडला. एका पाहुण्याने तिला घेतलं, तोच केळं आपोआप बाहेर आलं आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टवर पडलं. लेक त्यांचा चष्मा ओढून हसू लागली. पाहुणेही हसले.

मग मला माझं भान आलं. केस सुटलेले, अंगावर पेजेने माखलेला गाऊन. सासऱ्यांसमोर मी अशी कधीच गेले नव्हते. सासूबाईंनी हाताला धरून मला आत नेलं. "भियाव नको गो, पोरांका असा होताच," त्या म्हणाल्या. पण जेवण वाढायला मी बाहेर गेलेच नाही.

संध्याकाळी मी लेकीला पुन्हा पातळ पेजच भरवत होते. सासरे दाराबाहेर पाठमोरे बसले आणि नातीबद्दल म्हणाले, "चेडवाक केळा दी गो. मी हयसर बसलंय."

मला आणखीच लाज वाटली. मी केळं सोललं.